रुसलेला सात

सकाळी साडेदहा वाजता संगणकाने पाचव्यांदा सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे. कपडे शिवणाऱ्या वहिनींनी वही पुन्हा डोळ्यांजवळ धरली. अकरा वर्षांत काढलेले कटिंगचे चारशे बारा नमुने त्या कुलूपबंद बॅकअपमध्ये होते आणि जुना संगणक कालच कायमचा बंद पडला होता.

"वहीत लिहिलाय तोच टाकताय ना?" दिराने विचारलं.

"भाऊजी, जन्म मापं घेण्यात गेला माझा. दहा अक्षरं चुकीन होय?"

"आणि पहिल्यांदा पासवर्ड ठेवताना?"

"तेव्हा दोनदा टाकला, दोन्ही वेळा जुळला. त्या जुन्या कीबोर्डवर..." वहिनी थबकल्या.

त्या कीबोर्डवरचं सातचं बटण मेलेलं होतं. पासवर्ड टाकताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे सात दोन्ही वेळा उमटलाच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी सात गाळून पासवर्ड टाकला. कुलूप उघडलं.

"म्हणजे माप एका टाक्याने कमीच भरलं की!" दीर हसला.

"दात काढू नका, चहा टाका."

बारा वाजेपर्यंत दोनशे नव्वद नमुने परत आले होते. बाकीचे येत होते.