आटवलेलं पाणी

पाणी तपासणाऱ्याने स्वतःच्या घरचं पाणी तपासू नये, हात कापतो, असं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाई नेहमी म्हणत. पण त्यांच्या हाताखाली काम करणारी धाकटी कुणाचं ऐकेल तर शपथ. मागच्या गल्लीतल्या विहिरीत नायट्रेट निघाल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता, कारण घरी ताईचं महिन्याचं बाळ होतं आणि ते डब्याच्या दुधावर वाढत होतं. खतातून, सांडपाण्यातून जमिनीत मुरणारं हे नायट्रेट मोठ्यांना चटकन बाधत नाही. तान्ह्याच्या रक्तातला प्राणवायू मात्र ते अडवतं आणि ओठ निळे पडतात. म्हणून तिने आपल्या गल्लीच्या विहिरीचे दोन नमुने मागवले. एक शेजारच्या शिंपीकाकांच्या नळाचा, एक आईकडून. विहीर एक, पंप एक, टाकी एक. तेव्हा उत्तरही एकच यायला हवं होतं.

ते काही आलं नाही. काकांचं नायट्रेट लिटरमागे एकतीस मिलिग्रॅम. मर्यादा पंचेचाळीसची, म्हणजे पास. घरचं बासष्ट. धाकटीने नळी धुतली, पुन्हा मोजलं. बासष्ट म्हणजे बासष्ट.

"बाटली घाण असेल," केमिस्टबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"घाण? मग ह्या बघा." कालपासून उबेत ठेवलेल्या जंतूंच्या दोन बशा तिने पुढे सरकवल्या. काकांच्या बशीत ठिपकेच ठिपके, मोजता मोजता डोळे फुटावेत. घरच्या बशीत औषधालाही ठिपका नाही. "आमची विहीर इतकी गुणाची कधीपासून झाली?"

आता बघा, दुसरी कुणी असती तर डोकं धरून बसली असती. हिच्या अंगात वारं शिरलं. भीती होतीच, पण भीतीच्या दोन पावलं पुढे हिचं कुतूहल धावत होतं. जंतू आहेत तिथे नायट्रेट कमी आणि जंतू नाहीत तिथे जास्त, हा काय प्रकार आहे? तिने दोन्ही पाण्यांतला खारेपणा मोजायला घेतला. काकांचा चाळीस. घरचा ऐंशी.

"बाई, दुप्पट," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळं बरोब्बर दुप्पट. जे उडून जात नाही ते दुप्पट झालंय, आणि जे मरू शकतं ते मेलंय."

बाईंनी चष्मा काढला. "भाजीचा रस आटला की खारट होतो, तसं. हे पाणी उकळलंय कुणीतरी."

कुणीतरी कसलं? धाकटीला ते कुणीतरी जन्मापासून माहीत होतं. तिने तपासणीची छोटी पेटी पिशवीत कोंबली आणि चपला पायात अडकवत धूम ठोकली.

दोन-दोन पायऱ्या गाळत ती घरी पोचली तेव्हा शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. ताई बाळाला खांद्यावर घेऊन उभी, हातात दुधाची भरलेली बाटली. धाकटीने आधी बाळाचे ओठ बघितले. गुलाबी होते. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिने ताईच्या हातातली बाटली काढून घेतली.

"आई, मला दिलेलं पाणी उकळलेलं होतं?"

"मग काय तसंच पाठवू?" आई म्हणाली. "तुझ्या ऑफिसात आपल्या घरचं पाणी जाणार, चार लोक बघणार. बाळासाठी करते त्यातलंच दिलं. चांगलं अर्धं होईपर्यंत आटवते मी, कण राहत नाही दोषाचा."

पातेल्याच्या आत बरोबर मध्यावर पांढरी रेघ उमटली होती. आईचं माप.

धाकटीने ओट्यावर दोन नळ्या मांडल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत पातेल्यातलं गार करून. दोन्हींत नायट्रेट असेल तितका लाल रंग आणणारी पूड टाकली, हलवलं. पाच मिनिटं तिघी नळ्यांकडे बघत राहिल्या. पहिली नळी फिकट गुलाबी झाली. दुसरी गडद होत होत लाल झाली.

"सापडलं," धाकटी म्हणाली आणि तिला हसूच आलं. "नायट्रेटपुरती विहीर ठीक आहे गं, विहीर ठीक आहे. आटवल्याने नायट्रेट जात नाही, दाट होतं."

मग तिने आईकडे बघितलं आणि हसू आवरलं.

"म्हणजे मीच," आई म्हणाली. "रोज तासभर उभी राहून."

"तुझ्यामुळेच त्याचं पोट एकदाही बिघडलं नाही. पण जंतू पहिल्याच मिनिटात मेले होते, पुढे तासभर तू उगाच त्यांना मारत बसलीस. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून येऊ, म्हणजे शंका नको."

"मग किती उकळायचं?"

"खळखळ उकळी आली की एक मिनिट. मग झाकण."

"एकच मिनिट?" आईला ते काही पटेना. "एवढ्याशा जिवासाठी एकच मिनिट?"

ताईने बाळ आईच्या खांद्यावर दिलं. आईने एका हाताने गॅस बंद केला, धाकटीने पातेलं मोरीत रिकामं केलं, विसळून नव्याने भरलं आणि पुन्हा चढवलं. उकळी फुटली तशी आई बाळाच्या कानाशी आकडे मोजू लागली. साठ झाले. तिने गॅस बंद केला. तिचा हात सवयीने पुन्हा बटणाकडे गेला, तिथे जरा थांबला, आणि मग बाळाच्या पाठीवर येऊन राहिला.