सतरा फेटे

कोल्हापुरात पाहुण्याच्या डोक्यावर फेटा चढल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, आणि विद्यापीठात तो फेटा मल्लाप्पानेच चढवायचा. कागदोपत्री तो सांस्कृतिक विभागाचा शिपाई. पण चोवीस वर्षांत गवई, शास्त्रज्ञ, नाटकवाले, चित्रकार, दिल्लीहून आलेले विद्वान, सगळ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. व्यासपीठामागच्या खोलीत पाहुण्याला खुर्चीवर बसवायचं, आठ-नऊ मीटर कापडाचा पीळ डोक्याभोवती फिरवायचा, मागं शेमला सोडायचा, वर चुण्या घालून तुरा उभा करायचा. तीन मिनिटांत काम फत्ते.

या तीन मिनिटांत त्याला माणूस कळायचा. भल्याभल्यांच्या कानशिलाची शीर त्याच्या बोटांखाली टकटक उडायची. मग मल्लाप्पा हळूच म्हणायचा, "पावणं, मान सैल सोडा. भाईर समदी आपलीच मानसं हाइत." पाहुणा हसायचा आणि व्यासपीठावर जायचा. मल्लाप्पा मात्र तिथून थेट चहाच्या किटलीकडे. त्यामुळं झालं होतं असं, की चोवीस वर्षांत शेकडो व्याख्यानांची सुरुवात त्यानं ऐकली होती आणि शेवट एकाही व्याख्यानाचा ऐकला नव्हता.

दर महिन्याच्या सुरुवातीला 'आगामी कार्यक्रम' असं डोक्यावर छापलेलं गुलाबी पत्रक निघायचं. त्याचे गठ्ठे छापखान्यातून आणायचे आणि सगळ्या विभागांत वाटायचे, हेही मल्लाप्पाचंच काम. वाटता वाटता तो पत्रक वाचायचा, पण फक्त पाहुणे मोजायला. किती पाहुणे, तितके फेटे. विषयाशी त्याला काय करायचं होतं?

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत असाच तो मोजत होता. सतरा तारीख, शनिवार. साडेचारला विद्यार्थ्यांच्या चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन, पाहुणे तीन. साडेसहाला खुल्या नाट्यगृहात गायन, पाहुणे दोन. आणि मध्ये साडेपाचला जाहीर व्याख्यान. 'पायाखालचा शेतकरी: गांडूळ'. व्याख्यात्या: डॉ. दानेश्वरी मल्लाप्पा हुक्केरी, मुरगूड.

मल्लाप्पानं ते नाव दोनदा वाचलं. मग तो रस्त्याकडेला त्या गठ्ठ्यावरच बसला. दानेश्वरी म्हणजे त्याची दानू. मुरगूडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते हे त्याला माहीत होतं, गांडुळांवर काहीतरी मोठं लिहिलंय म्हणून नावामागं डॉक्टर लागलंय हेही माहीत होतं. पण ज्या पत्रकाची घडी तो दर महिन्याला घालतो, त्या पत्रकात ती येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरी येऊन त्यानं पत्रक बायकोपुढं धरलं. नीलम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"मला ठावं हाय. दानूचा फोन आलता शेजारी. तुमाला सांगू नगंस म्हनली, त्येंचं त्येंनी वाचू दे."

"आगं पर केवढी मोठी गोष्ट ही!"

"मोठी हाय की. पर गांडूळ? चार शिकली-सवरली मानसं येनार, आनि ही गांडूळ सांगनार. जगात दुसरा इषय न्हवता व्हय?" नीलम्मा असं बोलली खरी, पण त्या रात्रीपासून रोज ती पेटीतली जांभळी इरकल बाहेर काढायची, बघायची आणि परत ठेवायची. रागानं कुणी साडी इतक्यांदा बघत नाही.

रविवारी दानू घरी आली. जेवताना ती मध्येच थांबली. "आप्पा, एक मागू? त्या दिवशी तुमी हॉलमदी बसायचं. चहाच्या मागं न्हाय, पडद्यामागं न्हाय. खुर्चीवर. पयल्यापासनं शेवटपत्तर."

मल्लाप्पानं हातातला घास परत ताटात ठेवला, कारण ती असं का म्हणते ते त्याला पुरतं माहीत होतं. दानू सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत तिचं नाव होतं. 'आप्पा येनार' असं तिनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. त्याच दुपारी विद्यापीठात कुणी मोठा पाहुणा आला आणि मल्लाप्पाला सुटता आलं नाही. पोर माईकपुढं उभी राहिली, दाराकडं बघत राहिली आणि एक शब्द न बोलता खाली आली. त्यावर ती कधी रुसली नाही. तेच त्याला जास्त लागलं होतं.

"बसतो की. तुजी शपत घेऊन सांगतो, त्या दिवशी मला किटली दिसनार न्हाय."

मल्लाप्पाचे अधीक्षक मृत्युंजय साहेब कागदावर जीव असलेले गृहस्थ होते. यादीत नसलेली टाचणीसुद्धा त्यांच्या टेबलावर टिकत नसे. मल्लाप्पानं जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडं एका तासाची सवलत मागितली. त्यांनी डायरी उघडली, पत्रक बघितलं, चष्मा काढला. "प्रदर्शनाचे तीन फेटे बांधायचे आणि सुटायचं. गायनाच्या वेळी यायचं. मधला तास तुझा, बाई पाहुण्यांना आपण शालच देतो. चहाला मी दुसरा माणूस बघतो." आणि मग जरा थांबून म्हणाले, "अरे, मुलगी मोठी झाली की रे तुझी."

सतरा तारखेला मल्लाप्पानं नवा पांढरा सदरा घातला. गणित अगदी सोपं होतं. साडेचारला तीन डोकी म्हणजे दहा मिनिटं. पाच वाजता मोकळा. सव्वापाचला हॉलमध्ये, नीलम्माच्या शेजारच्या खुर्चीवर.

पण पाहुणे वेळेवर येतील तर ते पाहुणे कसले! साडेचार झाले, पावणेपाच झाले. कलाविभागाच्या व्हरांड्यात चित्रं टांगलेली, फीत ताणलेली, मंडळी ताटकळलेली. मल्लाप्पा कापडाची पिशवी घेऊन उभा. त्याला आज एका जागी उभं राहवत नव्हतं. शेजारीच भूपाल आण्णा मगदूम उभे होते. गडमुडशिंगीचे शेतकरी, मार्केट यार्डात गुळाचं दुकान, एका तालमीचे अध्यक्ष. प्रदर्शनाला दोनशे खुर्च्या त्यांनी हौसेनं पाठवल्या होत्या. डोकं असं, की बघूनच कापड बांधावंसं वाटावं. भव्य आणि तुळतुळीत.

आणि इथं मल्लाप्पा चुकला. चोवीस वर्षांत यादीबाहेरचं एक डोकं त्यानं बांधलं नव्हतं. पण आज आनंद पोटात मावत नव्हता आणि हात मोकळे होते. "आण्णा, बसा. तुमाला बांधतो," तो म्हणाला. आण्णा बसले. मल्लाप्पानं मन लावून फेटा बांधला. तुरा असा उभा केला की चित्रं सोडून लोक आण्णांकडं बघायला लागले. आण्णांनी खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं आणि त्यांची छाती चार बोटं पुढं आली.

तेवढ्यात पाहुणे आले. त्यांचे तीन फेटे झाले, फीत कापली, टाळ्या पडल्या. मल्लाप्पानं पिशवी उचलली, तोच आवाज आला, "का रं मल्लाप्पा? आन्नाला फेटा, आनि आमी काय वाऱ्यावर आलोय?"

हे होते पेठेतले एक माजी नगरसेवक. त्यांच्या मागं बँकेचे संचालक. त्यांच्या मागं दुसऱ्या तालमीचे अध्यक्ष, आणि पहिल्या तालमीच्या अध्यक्षाला फेटा मिळाल्यावर दुसऱ्यानं उघड्या डोक्यानं घरी जावं, हे कोल्हापुरात होणे नाही. बघता बघता खुर्चीपुढं रांग लागली. मृत्युंजय साहेब धावत आले, यादी बघितली, रांग बघितली आणि मल्लाप्पाकडं असं बघितलं, की जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बिचाऱ्याला बरं वाटलं असतं. पण आता एकाला नाही म्हणायचं म्हणजे त्या माणसानं पाच वर्षं विद्यापीठाची पायरी चढायची नाही. "उरक," साहेब एवढंच म्हणाले. गायनाचे, पुढच्या महिन्याचे, कपाटातले होते नव्हते तेवढे फेटे त्यांनी आणवले आणि स्वतः व्याख्यानासाठी हॉलकडं धावले.

मल्लाप्पा बांधत सुटला. आठ. नऊ. दहा. व्हरांड्यातल्या घड्याळात साडेपाच वाजले. समोरच्या इमारतीत हॉलचं दार लावलेलं त्याला दिसलं. अकरा. बारा. आत्ता प्रास्ताविक चालू असेल. तेरा. आत्ता ती उठली असेल. त्याला राहून राहून दाराकडं बघणारी सातवीतली पोर दिसायला लागली. स्वतःचाच असा राग आला, की हातातलं कापड टराटरा फाडावं. कुणी सांगितलं होतं मिरवायला?

चहाचा कप घेऊन भूपाल आण्णा रांगेची गंमत बघत होते. सतरावा फेटा बांधून झाला आणि ते पुढं आले. "मल्लाप्पा, त्यो तुरा तिरका झालाय. तुजा हात कवा हालला न्हाय, आज काय झालंय?"

मल्लाप्पानं समोरच्या इमारतीकडं बोट केलं. "आण्णा, त्या हॉलमदी माजी लेक बोलाय लागल्या. मी यीन म्हनलोतो. बारकी हुती तवाबी असंच म्हनलोतो." डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसून तो अठराव्या माणसाला बसा म्हणाला.

आण्णांनी कप खिडकीत आदळला. "उठा रं! लेक भाषन करत्या आनि बाप हितं आपली डोस्की बांधत बसलाय. लाजा वाटत न्हाईत? चला समदी!"

"कुटं?" नगरसेवक म्हणाले.

"भाषन आयकायला."

"इषय काय हाय?"

"कायबी असंल. तुला फेटा बांधलाय न्हवं? मग चल."

हॉलमध्ये दीडशे खुर्च्या आणि माणसं अकरा. त्यांत जांभळी इरकल नेसलेली नीलम्मा धरून. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकून जागा धरली होती. खिडक्यांना पडदे, समोरच्या पांढऱ्या पडद्यावर मागच्या यंत्रातून पाडलेलं भिंतीएवढं गांडूळ, टेबलावर मातीनं भरलेली काचेची बरणी. दानू बोलत होती, पण आवाज खाली गेला होता आणि डोळे पुन्हापुन्हा दाराकडं जात होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि सतरा फेटे आत आले. मागं उघड्या डोक्यांचं लटांबर. पुढं बसायची जन्माची सवय, त्यामुळं सगळे फेटे सरळ पुढच्या तीन रांगांत जाऊन बसले. नीलम्मानं जपलेली खुर्चीही गेली, रुमालासकट.

मल्लाप्पा शेवटी आत शिरला आणि भिंतीला पाठ लावून शेवटच्या रांगेत बसला. खुर्चीवर. बसून त्यानं समोर बघितलं तर त्याला दिसले ते तुरेच तुरे. भगवे, गुलाबी, लहरिया. टाचा उंचावल्या, मान डावीकडं केली, उजवीकडं केली. दानूच्या हाताचं एक बोट तेवढं अधूनमधून दिसायचं. आयुष्यात इतके झोकदार तुरे त्यानं कधी उभे केले नव्हते. पडद्यावरच्या गांडुळावरही त्यांच्या सावल्या पडल्या होत्या.

दानू बोलता बोलता थांबली. व्यासपीठावर बसलेले मृत्युंजय साहेब खुर्चीतून अर्धे उठले, कारण मुलगी काय बोलणार ते त्यांना दिसलं होतं. सन्मानानं चढवलेला फेटा भर सभेत उतरवा म्हणून कोल्हापुरात कुणी कुणाला सांगत नाही.

"मान्यवरहो," दानू म्हणाली, "तुमच्या डोक्यावरचा प्रत्येक फेटा माझ्या आप्पांनी बांधलाय. पण ते मागं बसलेत आणि त्यांना मी दिसत नाही." पुढं तिला पुस्तकी बोलवेना. "जरा उतरवता का?"

कुणी हललं नाही. मग पहिल्या रांगेत भूपाल आण्णा उभे राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी आपला फेटा अलगद, तुरा न मोडता उचलला आणि खाली बसून मांडीवर ठेवला. त्यांच्या शेजारी नगरसेवकानं. मग बँकेच्या संचालकानं. मग दुसऱ्या तालमीच्या अध्यक्षानं, तेही पहिल्या तालमीच्या मागं पडायला नको म्हणून जरा घाईघाईनंच. एकेक करत सतरा फेटे मांडीवर आले. टकली, पिकली, तेल लावून चापलेली डोकी समोर पसरली, आणि त्यांच्या पलीकडं टेबलाजवळ बरणीवर हात ठेवून त्याची लेक उभी होती. पायांतल्या चपलांपासून चष्म्यापर्यंत सगळी.

"आप्पा, दिसतंय का आता?" तिनं माईकवरूनच विचारलं.

मल्लाप्पा उठून उभा राहिला. सगळ्या माना मागं वळल्या. चोवीस वर्षांत त्या हॉलमध्ये तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता.

"दिसतीस की!" तो म्हणाला. "बोल आता. मी हाय शेवटपत्तर."