अर्ज मागे घ्यायचा का?

"पासपोर्ट परत हवाय? मग अर्जच मागे घ्यावा लागेल," काचेपलीकडची मुलगी म्हणाली.

"आठवडाभरासाठी दे ना, पोरी. इस्तंबूलला जाऊन येतो, आलो की लगेच आणून देतो."

"काका, हे काय वाचनालय आहे? पुस्तक नेलं, आणलं!"

तुर्दाकुन खिडकीशीच उभा राहिला. कोचकोर गावच्या डेअरीचा दुधाचा ट्रक चालवणारा हा माणूस इंग्लंडच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यातल्या कामासाठी तिसऱ्यांदा राजधानीत, बिश्केकला, खेटे घालत होता. पहिल्या वर्षी जन्मदाखल्यात नि पासपोर्टात नावाचं एक अक्षर वेगळं निघालं. पुढच्या वर्षी ते दुरुस्त होईतो जागा भरल्या. यंदा मळ्याचं पत्र आलं होतं, बोटांचे ठसे झाले होते, फक्त व्हिसाचा शिक्का बाकी होता. एक हंगाम वाकून काढला की अर्धवट घरावर छप्पर चढणार होतं. तोवर बायकोमुलं सासऱ्याच्या एका खोलीत होती.

आणि परवा इस्तंबूलहून फोन आला होता. सायकालच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, पण ती सावरत नव्हती.

सायकाल त्याची थोरली बहीण, त्याची 'एजे'. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता; तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्याच्या लग्नात ती आईच्या जागी बसली. मग परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला इस्तंबूलला गेली. तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं.

"बोला काका. मागे घ्यायचा का अर्ज?"

"अहो, ठरवा की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आम्हालाही घरी जायचंय."

त्यानं काचेवरचा हात काढला. "राहू दे," म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. "एजे, पासपोर्ट देत नाहीत गं. नियमच नाही म्हणे."

"नियम नाही, होय?" ती म्हणाली. "अरे, माझं आयुष्य याच कागदांत गेलं. मला शिकवतोस?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं केलंस, तुर्दू. येऊन तरी काय करणार होतास? डॉक्टरांपुढे मेंढरासारखा उभा राहिला असतास." ती हसली, आणि हसण्यानं कळ आली असावी, कारण मध्येच थांबली.

"एजे, मी खरं म्हणजे..."

"कळलं रे. जेवलास का?"

"नाही."

"मग आधी जेव."

त्यानंतर फोन नर्सच उचलू लागली. व्हिसा आला त्या संध्याकाळी घरात कुणी पासपोर्ट उघडून पाहिला नाही. सायकाल आदल्या दिवशीच गेली होती.

विमानतळाच्या मालगोदामात शवपेटी ताब्यात घेताना अंमलदारानं ओळखपत्र मागितलं. तुर्दाकुननं पासपोर्ट दिला. पानं उलटता उलटता अंमलदार थबकला.

"वा, इंग्लंड! नशीब काढलंत की राव! आमचा मेहुणा कधीचा खटपट करतोय." मग त्याची नजर पेटीच्या कागदावर गेली आणि तो ओशाळला. "माफ करा. बहीण का?"

"थोरली."

"निघायचं कधी?"

"पुढच्या शनिवारी."

"म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तुम्ही नसणार."

"नाही."

अंमलदारानं शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत केला.

गावी अंगणात युर्त, नमद्याचा गोल तंबू, उभारला होता. आत बायका सायकालला घेऊन बसल्या. बाहेर पुरुष काठीवर ओणवून उभे राहिले. माणसं येताना दिसली की भावानं मोठ्यानं आक्रोश करायचा, सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं, ही रीत. फाटकातून पहिली माणसं आत आली. तुर्दाकुननं तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना. माणसं पावलं आवरून थांबली.

शेजारी उभ्या म्हाताऱ्या चुलत्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्याऐवजी आपणच हंबरडा फोडला, "माझी एजे गेली रे! माझी एजे!"

सायकाल त्या म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी लहान होती.