दिव्याची चढाई

मोशीच्या मैदानावर कबड्डीची जिल्हा निवड चाचणी चालू होती. दिव्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती, उजवा गुडघा सुजून टम्म झालेला. पंधरा वर्षांची ही पोरगी क्लबची सगळ्यात चपळ चढाईपटू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता खेळली तर पाय कायमचा अधू होईल.

मुख्य प्रशिक्षक दादासाहेब ओळखीच्या एका कंपाउंडरला घेऊन आले. "सुई टोचली की तिला दुखलेलं काय कळायचं न्हाई. येवढा सामना निघाला म्हंजे झालं."

"सर, लहान आहे ती. हे नाही चालणार," सहायक प्रशिक्षक योगिनी म्हणाली.

"तिच्या बापाला इचार. त्याची ना न्हाई."

नवनाथ दारातच उभा होता. बीडहून येऊन चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलेला, अंगात अजून कंपनीचाच शर्ट. "मॅडम, निवड झाली तर हॉस्टेल मिळतंय, शिक्षण होतंय," तो खालमानेनं म्हणाला. "नाही झाली तर गावाकडं सोयरीक ठरलीय. आईला शब्द देऊन बसलोय मी."

दिव्यानं योगिनीचा हात घट्ट धरला. "ताई, देऊ द्या ना इंजेक्शन. पाय गेला तर जाऊ दे. मला लग्न नाही करायचं."

हो म्हटलं तर पोरीचा पाय जाणार, नाही म्हटलं तर पोरच जाणार. योगिनी हात सोडवून बाहेर आली, थेट पंचांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. दिव्याचं नाव यादीतून कमी झालं.

"तुम्हीच मारलं मला!" दिव्या सगळ्यांसमोर किंचाळली.

योगिनीनं गेटजवळ जाऊन १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला. बालविवाह होतोय, म्हणाली. पलीकडच्या बाईंनी गावाचं नाव विचारलं. ते तिला ठाऊक नव्हतं. ती धावत परत आली, तर नवनाथ मुलीला मोटरसायकलवर बसवून केव्हाच निघून गेला होता. ती एकेका पोरीला विचारत सुटली. शेवटी प्राजक्तानं, दिव्याच्या मैत्रिणीनं, रडत रडत गावाचं नाव सांगितलं. योगिनीनं ते लगेच १०९८ वर कळवलं.

पोलीस गावात पोहोचले तेव्हा दिव्याला हळद लागली होती. लग्न थांबलं. पण घरच्यांचा भरवसा नव्हता, म्हणून तिला बीडच्या बालगृहात ठेवलं. क्लबनं योगिनीला कामावरून काढलं. इतर पोरींचे आईबाप तिचा फोन उचलेनात.

ती बालगृहात फोन करत राहिली. अधीक्षिका दर वेळी सांगायच्या, "ती नाही म्हणते बोलायला." योगिनी आणखी काय करणार? फोन ठेवते, म्हणायची.

एकदा मात्र दिव्या फोनवर आली.

"ताई, इथून दहावीला बसू देतील का मला?"

"मला माहीत नाही गं," योगिनी म्हणाली. "विचारते. आजच विचारते."