गोपाळकृष्ण सरांची हजेरी

आनंद एम.फिल. करत होता तो शिक्षण प्रशासन आणि धोरण या विषयात. प्रबंधाचं नाव, ‘खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची तपासणी: कागद आणि वस्तुस्थिती’. आणि पोटासाठी नोकरी करत होता तीही अशाच एका कॉलेजात, लोणी काळभोरच्या पुढे, हंगामी कार्यालय अधीक्षक म्हणून. म्हणजे दिवसा कागद रंगवायचे आणि संध्याकाळी त्याच कागदांवर टीका लिहायची. हसू नका, आधी आधी त्यालाही हसूच यायचं.

त्या वर्षी ज्याला त्याला आपलं पोर कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला हवं होतं. कॉलेजने जागा दुप्पट केल्या, पण शिकवणारे आयटी कंपन्यांनी पळवले. भौतिकशास्त्राचे गोपाळकृष्ण सरही बंगलोरला गेले. हजेरीपटावर मात्र ते ठणठणीत होते. तपासणी समिती येणार म्हटल्यावर प्राचार्य म्हणाले, “त्यांच्या जागी एक दिवस कुणीतरी बसवा. एवढं जमवलंत तर तुमची कायम नेमणुकीची ऑर्डर तयार आहे.”

आनंदच्या हाताशी भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. माणूस एकच होता. त्याचे वडील.

उत्तरेश्वर सर म्हणजे खडकीच्या शाळेतलं मोठं प्रस्थ. प्रयोग न करताच वहीत आकडे लिहिणाऱ्याची वही ते वर्गासमोर टराटरा फाडत. निवृत्त झाले तरी खाक्या तोच. आनंदने दोन दिवस त्यांच्या विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “तुझी नोकरी पक्की होणार ना? मग चल.”

समितीत कोण असणार हे शेवटपर्यंत गुप्त ठेवतात. त्या सकाळी गाडीतून उतरल्या कल्याणी मॅडम, आनंदच्या मार्गदर्शक. शाळेत त्या उत्तरेश्वर सरांच्या विद्यार्थिनी होत्या. ‘सरांचा मुलगा’ म्हणूनच तर त्यांनी आनंदला आपल्याकडे घेतलं होतं. वडिलांना मागच्या दाराने बाहेर काढावं म्हणून तो धावला, पण मॅडम प्रयोगशाळेत पोहोचल्या होत्या.

सरांना पाहून त्यांचे हात नमस्कारासाठी उचलले गेले आणि अर्ध्यावरच थांबले. मग यादीवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “आपलं नाव?”

सरांनी आनंदकडे पाहिलं. त्याने फक्त ‘नको’ म्हणायचं होतं. एवढंच. पण तो हातातल्या फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

“गोपाळकृष्ण,” सर म्हणाले.

“इथे किती वर्षं?”

“तीन.”

मॅडमनी यादीवर खूण केली. निघताना त्या आनंदपाशी थांबल्या. “प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहा आपण. माहिती आता प्रत्यक्षच मिळाली आहे.” एरवी त्या त्याला अरे-तुरे करत.

परतीच्या बसमध्ये ऑर्डर आनंदच्या खिशात होती. वडिलांशेजारची जागा रिकामी होती, पण तिथे बसायचीही त्याला लाज वाटली. तो दांडा धरून उभा राहिला. हडपसर आलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कल्याणीची वही मी फाडली होती. दहावीत. फार रडली होती पोर.”

आनंदने खिशातली ऑर्डर आणखी खाली दाबली.

“आज तिने माझी फाडली नाही रे,” सर म्हणाले.