आईचं माप

"आईंची पाळी बंद झालीय ना? मग आता नुसता डाग जरी दिसला तरी दुसऱ्या दिवशी इथे आणायचं. साखर आहे, अंगही सुटलंय, म्हणून मुद्दाम सांगतेय."

लसीच्या खोलीतल्या सिस्टर मला हे सांगत होत्या. त्यांचे गणवेश आईच शिवायची, त्यामुळे ओळख जुनी. आई बाहेर बाकावर बसून कुणाच्या तरी बाहीला हातशिलाई घालत होती. मी "हो हो" म्हटलं आणि विचारलं, "मांडीला गाठ आली तर शेकायचं का?" माझी लेक तेव्हा साडेतीन महिन्यांची होती आणि मला जगात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

मी तशी बारीक लक्ष ठेवणारी. फ्रिजवर तक्ता लावला होता: दूध किती वाजता, शी कितीदा, रंग कोणता. आई मला काळजीबाई म्हणायची. "काळजीबाई, पोरगी शिंकली, लिहा!" दुपारी ती मशीनवर, मी शेजारी लेकीला थोपटत. तिच्या वहीत साऱ्या गल्लीतल्या बायकांची मापं होती. कोण सुटली, कोण आटली, तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिचे स्वतःचे ब्लाउज मात्र तिला कायम नीट बसायचे. म्हणून आम्हाला वाटायचं, आई आहे तशीच आहे.

एके दिवशी म्हणाली, "ती जुनी दुपटी टाकू नकोस गं. मला दे."

"कशाला?"

"मशीनचं तेल पुसायला."

दिली. धुऊन धुऊन विरलेली सात दुपटी.

मग एकदा काजं करता करता, मान वर न करता म्हणाली, "माझं वय उलटं फिरलंय बघ. तीन वर्षांनी पाहुणी परत आली."

"अगंबाई! मग मला आता एक भाऊ आण."

दोघी इतक्या हसलो की लेक दचकून रडायला लागली. सिस्टरचं बोलणं आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण लेकीच्या अंगात कणकण होती. म्हटलं, हिचं उतरलं की बघू. हिचं उतरलं, मग दात आले, मग जुलाब. आणि आईचं "येतं-जातं गं, दुखत तर काही नाही" मला सोयीचंच होतं.

आठ महिन्यांनी ती मशीनवरून उठली आणि तशीच मटकन खाली बसली. ओठ पांढरेफटक.

डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयातला तुकडा काढून तपासायला पाठवला. कागद आल्यावर त्यांनी सावकाश समजावलं. पाळी गेल्यावरही अंगातली चरबी एक संप्रेरक बनवत राहते. साखरेच्या दुखण्यात रक्तातलं इन्सुलिनही बऱ्याचदा चढं असतं. दोन्ही मिळून गर्भाशयाच्या अस्तराला वाढ, वाढ म्हणत राहतात, आणि थांब म्हणणारं कुणी उरत नाही. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, सगळ्यांनाच होतो असं नाही. ज्यांना होतो, त्यांना बहुधा लवकरच डाग दिसतो. तेव्हा आलं, तर बऱ्याच जणी ऑपरेशनने बऱ्या होतात.

"तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "झाला असेल महिना."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला ती सात दुपटी आठवली; तेल पुसायला नव्हतीच ती. मीच म्हटलं, "आठ महिने."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

कॅन्सर गर्भाशयाबाहेर गेला होता. पुढचे चौदा महिने औषधांचे. त्यातच तिने पलंगावर उशी लावून, हातानेच, लेकीसाठी एक पिवळा फ्रॉक शिवला. "आत चांगली तीन बोटं माया ठेवलीय. पोरगी वाढेल तसं उसवत जा, काळजीबाई."

तिला जाऊन दोन वर्षं झाली.

परवा मला तिचं माप हवं होतं. कशाला ते विचारू नका, हवं होतं. मिठीत ती केवढी मावायची, ते हातांना आठवेना. वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. सगळी गल्ली होती, आई नव्हती. मग तिचा एक ब्लाउज काढून उलटा केला. शिवणीलगत सुईच्या बारीक भोकांच्या चार रेघा, एकीबाहेर एक. घट्ट झाला की ती स्वतःच उसवायची, थोडं बाहेर सरकून नवी टीप मारायची आणि कामाला लागायची. दुसरी कुठलीही बाई नवं माप द्यायला आली असती, तर आईनेच तिला टोकलं असतं. पाचवी टीप अगदी कडेला होती. तिच्यापुढे कापडच नव्हतं.

त्या भोकांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसले. एवढंच माप उरलंय.

आज सकाळी लेकीच्या फ्रॉकची शेवटची शिवण उसवली. ती म्हणाली, "आजीला सांग ना, अजून थोडं ठेव आत."

म्हणून तुम्हाला सांगते. तुमची आई, मावशी, सासूबाई, शेजारच्या काकू, कुणीतरी असेलच, जिची पाळी गेलीय आणि जी "मला काय झालंय" म्हणते. तिला आज फोन करा. इकडचं तिकडचं बोलून झालं की सरळ विचारा, परत कधी डाग दिसला का. ती हसण्यावारी नेईल. तुम्ही हसू नका.