आपल्या घरातले पुरुष

हर्निया झाला याचं धाकट्याला मुळीच नवल वाटलं नव्हतं. दोघे भाऊ लोकांची बिऱ्हाडं हलवायचे. कपाटं पाठीवर घेऊन जिने चढणाऱ्याचं कधीतरी काहीतरी निसटणारच. पण टाके काढायच्या दिवशी सर्जनबाईंनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की हर्नियातून खाली सरकलं होतं ते आतडं नव्हतं, गर्भाशय होतं. छोटंसं, नलिकांसकट. बाकी तो पुरता पुरुष होता. जन्माआधी जे विरून जायला हवं, तेवढं आत राहून गेलं होतं. मूल होणं मात्र कठीण. शिवाय सख्ख्या भावालाही हे असू शकतं, आणि अंडकोष खाली न उतरता पोटातच राहिला असेल तर त्यात पुढे कर्करोगाची गाठ होऊ शकते, तेव्हा त्यालाही पाठवा.

धाकट्याला आधी हसू आलं, मग घाम फुटला. बायकोला त्याने हर्नियाच होता एवढंच सांगितलं. मूल होत नाही म्हणून ती बिचारी वर्षानुवर्षं सुया टोचून घेत होती. त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. डॉक्टरांनी सुचवली तेव्हा थोरल्याने हात झटकला होता, "आपल्या घरातल्या पुरुषांत खोट नाही!" धाकट्याला ते ऐकायला गोड लागलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

आता तिला सांगायची छाती होत नव्हती. पण भावाच्या जिवाचा प्रश्न होता. थोरला सडाफटिंग, लग्नाचं नाव काढलं की चपला घालून बाहेर पडणारा. त्याच्या पोटात काय आहे ते बघणार कोण?

थोरला टेम्पोच्या फळीवर बसून दोर गुंडाळत होता. धाकटा जरा इकडचं तिकडचं बोलला, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. आता हा आपली टर उडवणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती. थोरला गुंडाळतच राहिला.

"तू तपासून घे, दादा."

"माझं झालंय."

"कधी?"

"तुझ्या लग्नाआधी. मलाही हर्नियाच म्हणाले होते. मग काढून टाकलं."

"आणि माझ्याबद्दल काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. भावाला घेऊन या म्हणाले." थोरल्याने मान वर केली नाही. "कुठल्या तोंडाने सांगणार होतो, बाबा?"

धाकट्याने दोर हिसकावून रस्त्यावर भिरकावला आणि तो तडक निघाला. अर्ध्या वाटेत त्याला आपलीच लाज वाटायला लागली. थोरल्याने फक्त निमित्त पुरवलं होतं. तपासणी टाळली होती त्याची त्यानेच.

घरी बायको पलंगाच्या कडेला बसून सुईत औषध भरत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, गर्भाशयाचं आणि दादाचंही.

"म्हणजे ही टोचायची नाही?"

"नको."

"बरं." तिने सुईला टोपण लावलं. "आणि आजवर टोचल्या त्या?"